भाकरी मावते का बघून घेतलेला ओव्हन

मी ओव्हन बोलतोय. निदान कारखान्यातून निघताना माझ्या खोक्यावर तेच नाव छापलेलं होतं. पुढं कुणी मला भट्टी म्हणालं, कुणी पेटी म्हणालं, एका म्हातारीनं तर झाकणाची चूल म्हटलं. त्यामुळं मी नेमका कोण, हे मला आजही धड सांगता येत नाही. जे घडलं तेवढं सांगतो, तुम्हीच ठरवा.

मूळचा मी ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा. यंत्रावर गरगर फिरवून मला गोल केलं, तळाशी तारेचं वेटोळं बसवलं, त्यावर जाळी ठेवली आणि झाकणात वाटीएवढी काच लावली. खोक्यावर एका केकचं रंगीत चित्र होतं. ते बघून मला वाटलं, आपला जन्म वाढदिवसांसाठी झालाय. कुणाच्या तरी घरी आपण केक फुगवणार आणि पोरं काचेतून वाकून बघणार.

तसा मी लातूरला गोलाईच्या बाजारातल्या एका दुकानात आलो. लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती, तरी सगळं नवंनवंच होतं. कचेरीच्या पाट्यांवर 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहिलेलं, पण रंगाखालून जुनं नाव दिसायचंच. बाहेरगावचे साहेब राहायला आले म्हणून दुकानदारानं, रेवणसिद्धअण्णानं, माझ्यासारखा माल मागवला होता. साहेब काही आले नाहीत. त्या सालात पाऊस नव्हता, नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. माणसं दुकानात यायची ती घागरी आणि रबरी नळ्या विचारत. माझ्यावर धूळ बसत गेली.

मग एके दिवशी शिवकांता आली. कडेवर वर्षाची पोर, नीला तिचं नाव. मागं नवरा विरूपाक्ष, नव्या जिल्हा कचेरीतला कारकून. पोर सारखी खोकत होती. त्यांच्या बोलण्यातून कळलं की ती तिघं एका खोलीत भाड्यानं राहतात. कोपऱ्यात चूल, खिडकी नाही, सरपण म्हणजे तुराट्या. रॉकेल मिळेल तेव्हा स्टो, न मिळेल तेव्हा धूर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला धुरापासून लांब ठेवा. ते कानावर गेल्यावर उदगीरहून सासूबाईंचा निरोप आला होता. आमची चूल अंगणात हाय, नीलीला मी घेऊन जाते, पाऊसकाळ होईस्तोवर माझ्यापाशी राहील.

शिवकांता सासूला कधी उलट शब्द बोलली नव्हती. आताही ती नाही म्हणाली नव्हती. तिला फक्त सासू यायच्या आत घरातला धूर घालवायचा होता.

अण्णानं आधी विजेची शेगडी काढली आणि पिन लावून दाखवली. उघडी तार लालभडक झाली. नीलानं कडेवरूनच तिच्याकडं हात पसरला, तशी शिवकांता दोन पावलं मागं सरली.

मग तिची नजर माझ्यावर गेली. तिनं अण्णाला विचारलं, ह्याचा धूर होतो का? अण्णा म्हणाला, न्हाई. ह्यात विस्तू उघडा पडतो का? न्हाई, झाकण हाय की. अण्णा बिचारा सांगत होता की ह्यात केक होतो, बिस्किटं होतात. पण तिनं ते कानाआड केलं. तिच्या लेखी चूल ती चूल, एक उघडी आणि एक झाकलेली. तिनं माझं झाकण काढलं आणि आत हाताची वीत टाकून पाहिली. माझ्याशेजारी माझा धाकटा भाऊ होता, त्याच्यात वीत अडली. माझ्यात बसली.

"ह्यात भाकरी मावते," ती नवऱ्याला म्हणाली. "हेच घ्या."

अशी माझी निवड झाली. भाकरी म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. केकचीच बहीण असावी, असं मी धरून चाललो.

घरी तिनं मला ट्रंकेवर ट्रंक रचून त्यावर ठेवलं, नीलाचा हात पोचू नये म्हणून. खोक्यातला इंग्रजी कागद फळीवर अंथरला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी थापून माझ्या जाळीवर टाकली.

मी मनापासून तापलो. पण भाकरीला तवा लागतो, तव्यावर पाणी फिरवावं लागतं, मग विस्तवाला लावून फुगवावी लागते. हे मला कोण सांगणार? मला वाटलं, हळूहळू, चहूबाजूंनी भाजायची. निघाली ती छपरावरच्या कौलासारखी. विरूपाक्षानं ती ताटात वाजवून बघितली. मग शिवकांतानं वरणाचं भगुनं आत ठेवलं. वीज मिणमिणती, मी तापतोय तापतोय, डाळ काही हलेना. कचेरीची वेळ झाली.

"तुझी ही चूल रजेवर हाय वाटतं," विरूपाक्ष म्हणाला आणि दाणे खाऊन निघून गेला. तो रागावला नव्हता. पण शिवकांता माझ्यासमोर बसून राहिली, काचेतून आत बघत. मीही आतून तिच्याकडं बघत होतो. आमच्या दोघांपैकी चुकलं कुणाचं, हे मला कळत नव्हतं. तिलाही कळत नसावं.

पुढं तिनं मला सोडलं नाही. शेंगदाणे टाकले, ते एकसारखे भाजले. वांगं ठेवलं, ते सुरेख मऊ झालं. रताळं ठेवलं, तर त्याचा गर नीलानं बोटबोट चाटून खाल्ला. मी सुखावलो, पण गोंधळलोही. दाणे, वांगी, रताळी भाजणारा मी कोण? ह्यातलं एकही माझ्या खोक्यावर नव्हतं. आणि भाकरीसाठी चूल पेटायचीच. तेवढा वेळ शिवकांता पोरीला शेजारच्या ओसरीवर नेऊन बसवायची, पळत येऊन भाकरी उलटायची, पळत जाऊन पोरीला बघायची. अर्धा धूर गेला होता, अर्धा राहिला होता. अर्ध्या धुरानं सासूबाईंचं समाधान होईल का, हा घोर तिच्या तोंडावर दिसायचा.

आणि सासूबाई आल्या. बसम्मा त्यांचं नाव. गळ्यात लिंगाची चौकोनी पेटी, डोईवर पोतं. पोत्यात गोवऱ्या होत्या. म्हशी चाऱ्याच्या छावणीत बांधल्यामुळं घरच्या ह्या शेवटच्याच, असं त्या सांगत होत्या. नीलाचा खोकला जावा म्हणून त्यांनी देवाला रोडगे बोलले होते. ते फेडायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन एसटीनं परत जायचं, असा बेत. शिवकांतानं निमूट पोरीची झबली काढून पिशवीत भरली.

बसम्मानं माझ्याभोवती एक फेरी मारली.

"हे काय गं?"

"चूल हाय, आत्या. विजेची. धूर होत न्हाई."

"झाकणाची चूल," बसम्मा म्हणाल्या. "मग भाकरी कुठं भाजायलीस?"

शिवकांतानं कोपऱ्यातल्या चुलीकडं पाहिलं. बसम्मानंही पाहिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुपारी विरूपाक्ष कचेरीत असताना रोडग्याचं पीठ भिजलं. जाडसर कणीक, ओवा, तेलाचं मोहन. बसम्माच्या हातात एकसारखे गोळे वळत गेले. रोडगे म्हणजे गोवरीच्या विस्तवात, राखेत पुरून भाजायचे, दुसरी रीत नाही. अंगणात घरमालकाच्या कडब्याची गंजी होती, म्हणून तिथं ठिणगीची बंदी. बसम्मानं गोवऱ्या चुलीतच रचल्या आणि पेटवल्या.

गोवरी आधी धुमसते, मग पेटते. धुमसणं किती असतं, हे मला त्या दिवशी कळलं. खोली पांढरी झाली. माझ्या काचेतून नुसत्या सावल्या हलताना दिसत होत्या. नीला खोकायला लागली. एकदा, मग लागोपाठ, मग श्वास घ्यायलाही मध्ये जागा राहिली नाही. शिवकांता तिला उचलून दारापर्यंत गेली, ओसरीत कुणाच्या तरी हाती दिली. बाहेरूनही तो खोकला थांबेना.

मग शिवकांता परत आत आली. तिनं कोपऱ्यातली घागर उचलली आणि चुलीवर ओतली. सगळी.

चर्र झालं. राखेचा लोट वर आला आणि बसला. शेवटच्या गोवऱ्यांचा काळा चिखल चुलीतून जमिनीवर वाहू लागला. मला वाटलं, आता घर पडेल. काही पडलं नाही. बसम्मा हातातला गोळा तसाच धरून बसून होत्या.

"पाणी लई झालं का गं तुझ्याकडं?"

"न्हाई, आत्या," शिवकांता म्हणाली. "ते प्यायचं होतं."

नळ यायला अजून किती दिवस आहेत, हे दोघींनाही ठाऊक होतं. शिवकांतानं त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं, माझं झाकण काढलं आणि रोडगे एकेक करून माझ्या जाळीवर मांडले. बसम्मानं हो म्हटलं नाही, आणि ताटही धरून ठेवलं नाही. शिवकांतानं पिन लावली.

देवाचं काही माझ्या पोटात पहिल्यांदाच आलं होतं. मला राख नव्हती, गोवरी नव्हती. देवाला हे चालेल का, मला माहीत नव्हतं. मी तापत राहिलो, एवढंच मला येतं. रोडग्यांना वरून तांबूस रंग यायला लागला, ओव्याचा वास सुटला, आणि तेवढ्यात वीज गेली.

शिवकांताचा चेहरा उतरला. बाहेर खोकला आता कमी झाला होता, म्हणून तिनं नीलाला आत आणून मांडीवर घेतलं होतं. पोरीला खाली ठेवून ती झाकण उचलायला धावली, तर बसम्मानं तिचा हात धरला.

"उघडू नकु. राखंतले रोडगे कुणी उकरून उकरून बघतं का? आधी ती दोरी काढ भिंतीतनं."

शिवकांतानं पिन काढली. बसम्मानं स्वतःची घोंगडी आणली आणि मला वरून खालपर्यंत गुंडाळलं. काच झाकली गेली, अंधार झाला. असं कुठल्या ओव्हनला कुणी करतं का? मला थंडी वाजत असेल असं त्यांना वाटलं, की मला निजवताहेत, मला काही समजेना. पण आतली आच कुठं जाईना. ती रोडग्यांभोवती फिरत राहिली, त्यांच्या पोटात शिरली.

बऱ्याच वेळानं घोंगडी निघाली, झाकण निघालं. रोडगे उकलले होते. बसम्मानं देवाला दाखवले, एक फोडला, त्याचा चुरा करून तूप-गूळ घातला आणि नीलाला घास दिला. तिनं तो खाल्ला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. मग बसम्मानं स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिल्या.

"चव न्हाई लागली," त्या म्हणाल्या. "ह्याला धुराचा वासच न्हाई."

बोलून गेल्या आणि थांबल्या. नीला त्यांच्या मांडीवर तुपाची बोटं चोखत होती, खोकत नव्हती. बसम्मानं वाकून तिच्या छातीला कान लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

सांजेला विरूपाक्ष आला. चूल भिजलेली, घागर रिकामी. तो दारातच उभा राहिला. काय झालं म्हणून विचारायचंही त्याला धाडस होईना. बसम्मा मात्र भिंतीतल्या पिनेच्या जागेकडं बघत होत्या.

"ईरू, हे वर घे," त्या म्हणाल्या. "छातीइतकं वर. पोरगी भिंतीला धरून उभी राहायली, दोन-चार रोजात हात पुरंल तिचा. आणि ती चूल उद्या मालकाला विचारून ओसरीच्या पल्याड मांडा. न्हाई म्हणाला तर मी बोलते त्याला."

मला आधी वाटलं, ही मला शिक्षाच. पिनच वर नेली तर माझी वायर कशी पुरणार? शिवकांताला मात्र लगेच समजलं. ती पाठ फिरवून घासलेलं ताट पुन्हा पुसायला लागली, पुसतच राहिली. जी पोर उद्या उदगीरला जाणार, तिचा हात इथल्या भिंतीला कशाला पुरेल? हे माझ्या ध्यानात यायला रात्र गेली. सकाळी बसम्मा मालकाशी बोलून रिकामं पोतं काखेत मारून एकट्याच एसटीला निघाल्या, तेव्हा कुठं मला पटलं.

त्यानंतर मी त्या घरात पुष्कळ भाजलं. पुढं गॅस आला. माझी तार एकदा जळाली, जोडली, पुन्हा जळाली. आता मी माळ्यावर आहे, पोटात जुने चमचे आणि कसलेकसले स्क्रू घेऊन. केक माझ्यात एकदाही झाला नाही. त्यामुळं मी ओव्हन आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला, आणि आता मी तो सोडूनही दिलाय.

मधूनमधून खाली भंगारवाला ओरडतो. शिवकांता म्हातारी होत आलीय, माळा रिकामा करायचं तिच्या मनात आहे, मला ऐकू येतं. द्यायचं तर खुशाल द्या, मी कुरकुरणार नाही. फक्त देण्याआधी एवढं करा, माझी वायर मुळापासून कापून टाका. पुढं मी कुणाच्या अंगणात पडेन, सांगता येत नाही, आणि लेकरं कुठंही असतात.