सत्तेचाळीस दारुडे नवरे

आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर सत्तेचाळीस बायकांची पानं होती आणि त्या सत्तेचाळीसही जणींचे नवरे दारू पीत होते. एकजात सगळे. ती पानं मी बनवली, याच हातांनी, एका दुपारी. तेव्हा आधी मला काय शिव्या घालायच्या त्या घाला, मग पुढचं ऐका.

मी अपेक्षा. अशोक चौकाजवळच्या या संस्थेत कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. बायका पिशव्या शिवतात, कडक भाकरी करतात, शेंगाचटणी कुटतात, आणि आम्ही ते वेबसाइटवरून विकतो. प्रत्येकीचं एक पान. नवीन बाई आली की मी एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, त्यात तिचं नाव घालायचं आणि एंटर मारायचं. कॉम्प्युटर साच्यातून नवी फाइल काढून देतो. वर नाव, तारीख, आणि खाली नमुन्याचा मजकूर. हा मजकूर संस्थेचे प्रमुख अभिमन्यू सर यांनी लिहिलेला: 'यांचे पती व्यसनाधीन. घरात रोजची मारहाण. संस्थेने हात दिला आणि आयुष्य उजळले.' तो पुसून, बाईला विचारून, तिचं खरं लिहायचं असं ठरलं होतं. साच्यात 'मसुदा' अशी खूणही होती. ती काढल्याशिवाय पान लोकांना दिसत नसे.

मार्चमध्ये साइट नवीच होती, एकाही बाईचं पान झालं नव्हतं, आणि देणगीदार येणार म्हणून सरांच्या अंगात घाई शिरली.

"ती मसुद्याची भानगड साच्यातूनच काढून टाक. मजकूर राहू दे, नंतर बघू."

"सगळ्यांचं एकच, सर?"

"साचाच तर आहे, अपेक्षा. कोण मनावर घेतंय?"

मी सत्तेचाळीस वेळा एंटर मारलं, चहा प्यायले आणि घरी गेले. नंतर कुणीही काही बघितलं नाही. मीही नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि अजीजाआपा आल्या. नई जिंदगी वस्तीत राहतात, चादरींच्या उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवतात. एरवी दारातूनच हाक मारत येणारी बाई, त्या दिवशी सरळ आत आली आणि मोबाइल माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"हे कुनी लिवलं?"

वर त्यांचं नाव होतं, अजीजा पीरसाब शेख. आपल्याकडे बाईच्या नावातच नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळे दारुडा कोण हे वेगळं शोधायला नको. पीरसाबचाचा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. एका मुलाच्या आईनं पिशवी घ्यायला साइट उघडली, नाव वाचलं आणि पान पालकांच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनचे मालक चन्नवीर अण्णांनी चाचांकडून चावी काढून घेतली.

"चौदा वर्सं व्हॅन चालवत्यात, ताई. पान-सुपारी सुदिक खात न्हाईत. आन् तुमी त्यास्नी दारू पाजली? मला मार खायला लावलं?"

मी मोबाइल उचलून पान खालपर्यंत वाचलं. शब्दन् शब्द साच्यातला.

"संस्थेच्या शिक्क्याचा कागद आना म्हनत्यात अण्णा, की हे खोटं हाय. सोमवारपतूर. न्हाईतर दुसरा डायवर ठेवनार."

मी त्यांना घेऊन सरांच्या खोलीत गेले. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "पान काढून टाक. पत्र मात्र मिळणार नाही. एकीला लेखी दिलं की बाकीच्या सेहेचाळीस उद्या दारात. त्यापेक्षा साचा बदल, म्हणजे सगळी पानं आपोआप नीट होतील."

"होत नाहीत, सर. साचा फक्त नवी फाइल काढताना कामाला येतो. निघालेल्या फाइली जशाच्या तशा राहतात. आणि व्हॅनचं काय?"

सर अजीजाआपांकडे वळून हसले. "आपा, एवढं मनावर घेऊ नका हो. साच्यातलं वाक्य आहे ते."

अजीजाआपा ओढणीचं टोक मुठीत आवळून नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरांचाच लॅपटॉप ओढला, तोच हुकूम टाइप केला, नाव घातलं आणि एंटर मारलं. मग स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

'संस्कृती अभिमन्यू देशमाने. यांचे पती व्यसनाधीन. घरात रोजची मारहाण.'

सर इतक्या झटक्यानं उठले की खुर्ची मागे पडली. "पुस! आत्ताच्या आत्ता पुस! माझ्या बायकोचं नाव कुणाला विचारून घातलंस?"

"साचाच तर आहे, सर. कोण मनावर घेतंय?"

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. मसुद्याची खूण तुम्हीच काढायला लावलीत. साइटवर चढवायला मला आता एकच हुकूम पुरे. पत्रावर सही करा."

मी खरंच चढवलं असतं का, मला माहीत नाही. त्या क्षणी विचाराल तर हो. संस्कृतीमॅडमनी माझं काही वाकडं केलं नव्हतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. पण सरांनी सही केली, शिक्का मारला, आणि मी त्यांच्यादेखत ती फाइल पुसली. त्याच दुपारी साच्यातला मजकूर उडवला आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पानं बंद केली.

मंगळवारी पीरसाबचाचा आणि अजीजाआपा दोघं आले. चाचांनी दाराशी चपला काढल्या. मी उठून उभी राहिले.

"चाचा, चुकलं माझं."

"अण्णानं कागद वाचला, चावी दिली," चाचा म्हणाले. "पन पान कुटं गेलं?"

"काढून टाकलं."

"काढलं कशापायी? लोकं म्हनत्यात, लपवलं. ठेवा की. खरं लिवून ठेवा."

मी लगेच बसले. नवी फाइल काढली. वर अजीजाआपांचं नाव आणि तारीख, खाली यावेळी सगळं कोरं. आता चूक भरून काढायची, चाचांचं नाव धुऊन काढायचं, असं मला फार जोरात वाटत होतं.

"सांगा चाचा. चौदा वर्षं व्हॅन चालवता, सुपारीसुद्धा खात नाही, असंच लिहू?"

चाचांनी अजीजाआपांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं कशाला? पान हिचं हाय न्हवं? हिचं लिवा की."

माझे हात जागच्या जागी थांबले. दोन वर्षं ही बाई आमच्याकडे पिशव्या आणत होती. पिशवीची लांबी-रुंदी मला तोंडपाठ. शिवायला कुणी शिकवलं, मशीन कुणाचं, पहिली पिशवी कुणासाठी शिवली, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. सरांनी तिच्या पानावर तिचा नवरा लिहिला होता. मीही परत तेच लिहायला बसले होते, फक्त नवरा चांगला करून.

"आपा," मी म्हणाले, "शिवणकाम तुम्ही कधीपासून करता?"

अजीजाआपांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"दोन वर्सांनी इचारताय व्हय?"