दामिनीनं कोंडलेली हवा

मित्रांनो, मोहाडीजवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत राहणारा मी एक जुना पितळी तराजू आहे. माझा मधला काटा इतका हळवा, की धानाच्या एका दाण्यानंही कलतो. पूर्वी मुलं माझ्याभोवती श्वास रोखून उभी राहत. मग सेलवर चालणारं वजनयंत्र आलं आणि मी कपाटावर गेलो. अंगावर जुने नकाशे साचले.

यंदा ते यंत्र बंद पडलं, तेव्हा विज्ञानाच्या भावना मॅडमनी मला खाली उतरवलं. शिपाई बाबुलालभाऊंनी पुसून दिलं. आठवीच्या मुलांनी कापसासारखी बारीक लोखंडी तार बशीत ठेवून तोलली आणि बाजूला नेऊन जाळली. तारेतून ठिणग्या धावल्या, ती काळी पडली. लाकडाच्या राखेसारखी तीही हलकी होणार, असं सगळे धरून चालले होते. पण बशी थंड करून ठेवली, तर पारडं खाली गेलं. वजन वाढलं होतं.

"जळल्यावर वजन कसा वाढन?" गोलू म्हणाला. "तराजूच बिघडला."

"म्हातारा झाला जी हा," बाबुलालभाऊ मॅडमना म्हणाले. "सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. देऊन टाकू."

मी तर खरं तेच दाखवलं होतं. माझा जीव खालीवर झाला.

वर्गातली दामिनी मात्र फळ्याकडे बघत होती. मॅडमनी लिहिलं होतं: Fe + O₂ → Fe₂O₃.

"मॅडम, लोखंडाच्या बाजूले ऑक्सिजन हाय. तो हवेतलाच ना? मंग तारेनं हवाच घेतली असन. तिचाच वजन वाढला."

"हवेले का वजन असते?" गोलू हसला.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "दाखव करून."

दामिनीनं विचार केला. हवा आतच कोंडली, तर वजन वाढायला नको. तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत मिठाच्या पाण्यात भिजवलेली नवी तार घातली, बूच घट्ट लावून वर मेण ओतलं. गुरुवारी मी ती बाटली तोलली. गंजतानाही लोखंड ऑक्सिजनच घेतं. सोमवारी तार तांबडी झाली होती. बाटली पुन्हा माझ्या पारड्यात आली, दुसऱ्या पारड्यात गुरुवारचीच वजनं. काटा बरोबर मधोमध थांबला.

"आता बूच सैल करतो," दामिनी म्हणाली.

सुस्स असा बारीक आवाज झाला. ऑक्सिजनची जागा रिकामी होती, तिथं बाहेरची हवा शिरली. आणि माझा काटा हळूच सरकला, बाटलीचं पारडं खाली गेलं.

गोलू पेटीच्या काचेला नाक लावून बघत राहिला. "हवेले वजन हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तराजू खराच होता."

मग दामिनी फळ्याशी गेली. "ऑक्सिजन इकडे दोन, तिकडे तीन. अणू हरवत नाही, नवा बनत नाही. मंग दोन्हीकडे सारखेच पाहिजेत." थोडी खाडाखोड करून तिनं लिहिलं: 4Fe + 3O₂ → 2Fe₂O₃. सगळ्या वर्गानं मोजलं. लोखंडाचे अणू चार आणि चार, ऑक्सिजनचे सहा आणि सहा.

दुपारी भंगारवाला आला. माझ्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, तर बाबुलालभाऊ म्हणाले, "हा नाही जी. हा कामावर हाय."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला कोरड्या फडक्यानं पुसा. आणि त्यानं न पटणारं वजन दाखवलं, तर त्याला दोष देण्याआधी काय मोजायचं राहिलं ते शोधा.