दोन शतांशांचा फरक

उस्ता, म्हणजे वस्ताद कारागीर, बय्यूमीने पेटी उघडली की सुएझच्या त्या कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. आत मोजमापाची एकतीस हत्यारं. शुक्रवारच्या भंगारबाजारातून एकेक हुडकून आणलेली, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. कुणाला हात लावू देईल? छे! बायकोलासुद्धा कधी लावू दिला नाही.

पण जहाजांचे शाफ्ट मोजायला कारखान्याचा एकच मोठा मायक्रोमीटर होता, आणि तो म्हणे फक्त उस्ताचंच ऐकायचा. दुसऱ्या कुणी शाफ्ट कातला की तो बेअरिंगमध्ये ढिला बसलाच म्हणून समजा. "उस्तांच्या हातात जादू आहे," मालक हाजी दस्सूकी गावभर सांगत सुटायचा.

कसली जादू न् कसलं काय! अकरा वर्षांपूर्वी तो मायक्रोमीटर उस्ताच्याच हातून फरशीवर आपटला होता. तेव्हापासून तो मिलिमीटरचे दोन शतांश जास्त दाखवायचा, आणि उस्ता गुपचूप शाफ्ट तेवढाच जाड ठेवायचा. त्याच आठवड्यात सबरी नावाच्या तरुण कारागिराचा शाफ्ट दोन शतांश बारीक निघाला. सबरीला हाकललं, आणि उस्ताची दातखीळ बसली. मायक्रोमीटरचं शून्य तपासायची पोलादी कांडी हरवली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ती त्याच्याच पेटीच्या तळाशी होती.

आता असवानहून लेकीचा रोज फोन. "बाबा, नातू चालायला लागला. येताय ना?" पण मालक सोडेल तर शपथ. "कारखाना सोडणार नाही असा माझ्या बापाला मरताना शब्द दिलाय तुम्ही, उस्ता. तुमच्यासारखा शाफ्ट काढणारा दुसरा दाखवा आणि खुशाल जा." दुसरा येणार कुठून? वाट यानेच बंद करून ठेवलेली. रात्रंदिवस जीव नुसता घुसमटायचा.

शेवटी एका दुपारी सगळे जेवायला बसलेले बघून त्याने कांडी काढली आणि किल्लीने शून्य जुळवून टाकलं. मग सबरीच्या धाकट्या भावाला हाक मारली. "लुत्फी, ये रे. आजचा शाफ्ट तू काढ."

शाफ्ट अस्सा बसला! मालकाने लुत्फीला मिठीच मारली. "सुटलात, उस्ता! पण जाता जाता एक तुमच्या हातचा होऊन जाऊ द्या."

उस्ता लेथपाशी उभा राहिला. डोक्यात असवान, नातू, गाडीची वेळ. हाताने अकरा वर्षं जे केलं तेच केलं.

शाफ्ट काही केल्या बेअरिंगमध्ये जाईना. लुत्फीने मोजला आणि फिदीफिदी हसला. "काय उस्ता, नातवाच्या नादात दोन शतांश जाड!"

मग त्याचं हसू थांबलं. त्याने पुन्हा मोजलं. पेटी उघडीच होती आणि कांडी वरच पडली होती. उस्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन शतांश," लुत्फी म्हणाला. "माझा भाऊ ऊर फोडून सांगत होता, मी बरोबर मोजलं म्हणून. आईसुद्धा त्याला खोटारडा म्हणाली."

मालकाला कशाचा पत्ताच नव्हता. "अहो, होतं असं! जा उस्ता, दिली सुट्टी. संध्याकाळची गाडी मिळेल."

लुत्फीने कांडी उचलून मुठीत धरली आणि दार अडवून उभा राहिला.

"कसली गाडी?" तो म्हणाला. "चल, बय्यूमी. आधी माझ्या आईकडे."