बालीत देव झालेला कुकर

मी एक जुना, पाच लिटरचा कुकर आहे आणि सध्या मी रागात आहे. मित्रांनो, कुकरचा राग म्हणजे शिट्टी, असं तुम्हाला वाटत असेल. ती नुसती वाफ असते. राग शिट्टी काढून ठेवली तरी राहतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्याच कुकरांचा तिथेच होतो. खरं आयुष्य सुरू झालं ते राहुरीत, गोजरबाईंच्या ओट्यावर. वरण, भात, मटकी, पाहुणे आले की मटण. माझं बूड काळं झालं, कान ढिला झाला, रबर तर कितीदा बदललं. पाहुणे बोटं चाटत म्हणायचे, मटण लई मऊ झालंय. कौतुक गोजरबाईंचं व्हायचं. तेव्हा मी समंजस होतो.

गोजरबाईंच्या मुलाचं, मच्छिंद्रचं, खत-बियाण्यांचं दुकान आहे. गेल्या हंगामात त्यानं इतकं खत विकलं, की कंपनीनं खूश होऊन त्याला घरच्यांसकट बालीला पाठवलं. बाली म्हणजे इंडोनेशियातलं एक बेट. तिथे बारा महिने उकडतं. नारळ आहेत, भातखाचरं आहेत, समुद्र आहे. गोजरबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की तिथे जेवायचं काय. आणि उत्तराची वाट न पाहता मला बॅगेत घातलं.

विमानतळावर एका साहेबानं माझं झाकण उघडलं. आत शेंगदाण्याची चटणी होती. त्यानं ती हुंगली आणि मला स्वतःच्या कानाशी धरून हलवून पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा संशय कुणी घेतला नव्हता.

लोक बाली पाहतात. मी हॉटेलचं न्हाणीघर पाहिलं, कारण बरोबर आणलेल्या विजेच्या शेगडीचा प्लग तिथेच बसत होता. खिडकीतून एक देऊळ दिसायचं, पण ते माझ्याच वाफेनं पुसट व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या उंबऱ्यापाशी नारळाच्या पानाची इवलीशी तबकडी होती. तीत फुलं, भाताची शितं, एक बिस्किट आणि पेटलेली उदबत्ती. गोजरबाई जागीच थिजल्या. आमच्याकडे स्वतःवरची पीडा घालवायची असली की भात, फुलं, लिंबू असं काहीबाही उतरवून वाटेवर नाहीतर दुसऱ्याच्या दारात ठेवतात. त्याला उतारा म्हणतात. जो ओलांडेल, पीडा त्याची.

"उतारा हाय," त्या म्हणाल्या.

"आई, इथं आपल्याला वळखतं तरी कोन?" त्यांची सून पंकजा म्हणाली.

"बनुबाईचा हात लई लांब हाय."

बनुबाई म्हणजे त्यांची जाऊ. ती बेलापुरात होती आणि तिच्याकडे पासपोर्टही नव्हता.

तेवढ्यात मच्छिंद्र डोळे चोळत दाराकडे निघाला. तो ओलांडणार, म्हणून गोजरबाईंनी हाताला लागेल ते उचललं आणि उताऱ्यावर पालथं घातलं. हाताला मी लागलो.

खोल्या झाडायला येणाऱ्या बाईचं नाव वायान. तबकडी तिनंच ठेवली होती. आपल्या फुलांवर पालथा कुकर पाहून कुणीही चिडलं असतं. तिला वाटलं, हा पाहुण्यांचा देव असेल. पुढच्या सकाळीही मी तिथेच पालथा होतो. तिनं ताजी तबकडी माझ्यावरच ठेवली आणि हात जोडले. मित्रांनो, माझ्या बुडाला आजवर फक्त घासणी लागली होती. त्या दिवशी चाफा लागला.

माझा देवपणा चहा होईपर्यंत टिकला. उतारा आता कुकरवर चढला, हा पाण्यात सोडल्याशिवाय सुटका नाही, असं म्हणत गोजरबाई मला काखोटीला मारून समुद्राकडे निघाल्या. ज्या बाईला मी आयुष्यभर जेवण शिजवून दिलं, ती मला बुडवायला निघाली होती. तेही खाऱ्या पाण्यात.

त्या गुडघाभर पाण्यात पोचल्या तेव्हा पंकजा वायानला घेऊन धावत आली. पंकजानं फोनमधल्या भाषांतरानं तिला सगळं विचारलं आणि सासूला ओरडून सांगितलं, की हा उतारा नाही. इथली माणसं रोज सकाळी देवाचे आभार मानायला असं ठेवतात.

लाट आली, माझ्या कानात पाणी गेलं. गोजरबाईंनी मला सोडलं नाही.

"आभार? हिला देवानं असं काय दिलंय?"

पंकजानं विचारलं. वायान हसली. दिवस उगवला ना, म्हणाली.

गोजरबाई पाण्याबाहेर आल्या. "माझं चुकलं, बाई," एवढंच म्हणाल्या. रात्री माझ्यात मटकी-भात शिजवून त्यांनी वायानला पोटभर वाढला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटाचं, तरी तिनं आणखी मागितला. मला वाटलं, वाचलो.

राहुरीला परतलो आणि मच्छिंद्रनं मटण आणलं. पंकजानं मला उचलताच गोजरबाईंनी तिचा हात धरला.

"त्याच्यावर देवाची फुलं वाह्यलीत. त्यात आता मटन शिजवती व्हय?"

मग कांदा-लसूणही बंद झाला. मग नुसता भातही. आता मी देवघरात असतो. रोज सकाळी मला हळद-कुंकू लागतं आणि ओट्यावर एक नवा चकचकीत कुकर डाळ करपवत असतो.

मित्रांनो, दुसऱ्याच्या रीतीतलं काही कळलं नाही, तर खुशाल विचारा. पण कळल्यावर तरी माझ्यासारख्याला कामावर जाऊ द्या. माझी काळजी घ्यायची असेल तर मला घासा, रबर बदला, गॅसवर ठेवा. ओवाळू नका.

आज पाहुणे आलेत. स्वयंपाकघरात मसाला वाटला जातोय. माझ्यापुढे खडीसाखर ठेवली आहे.