ब्रिन्योलेला नाही, प्रिंचिपेला नाही

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी किआव्हारीहून आलेली गाडी जेनोव्हाच्या ब्रिन्योले स्टेशनात थांबली आणि प्रॉस्पेरो कास्सानेल्लो तिच्यातून उतरले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा इलारिओ फलाटावर उभा होता. गाडी बोगद्यातून पुढे प्रिंचिपे स्टेशनला गेली. तिथं थोरला मुलगा जेरोलामो उभा होता. प्रॉस्पेरो तिथंही उतरले नाहीत.

दोन्ही बातम्या तेक्लाकडे आल्या. तेक्ला जेरोलामोची बायको. साम्पियेरदारेनातल्या एका बेकरीत ती फोकाच्चा, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, कापून, तोलून, कागदात गुंडाळून देते. दोघे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. त्यामुळे एकाला दुसऱ्याला काही कळवायचं असलं की फोन तेक्लाला येतो.

"वहिनी, बाबा आले नाहीत," इलारिओ म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा, हातात काठी, डोक्यावर ती हिरवी टोपी. दिसणार नाहीत कसे? डोळे त्यांचे गेलेत, माझे नाही. त्याला सांग, तुझ्याकडेच येतायत. जिंकलास म्हणावं."

"हे मी सांगणार नाही."

"मग नुसतं येतायत म्हणून सांग."

तिनं सांगितलं. थोड्याच वेळात नवऱ्याचा फोन आला. "अगं, काय तमाशा आहे हा? गाडी आली, माणसं उतरली, बाबा नाहीत. त्यानं तिकडेच उतरवून घेतलंय आणि आता साळसूदपणे नाही म्हणतोय."

"तो खोटं नाही बोलणार."

"थांब, मी डब्यात चढून बघतो. संडासात अडकले असतील."

तेक्लानं खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरला आणि सुरी चालवत राहिली. फोनमधून शिट्टी ऐकू आली, दरवाजे मिटल्याचा आवाज आला, मग जेरोलामोची एक शिवी आली. गाडी त्याला घेऊन निघाली होती. त्याची मोटार प्रिंचिपेसमोर, जिथं मोटार उभी करायची नसते तिथं उभी होती.

"सासरा हरवला वाटतं?" काउंटरपलीकडून ओल्गाबाईंनी विचारलं. त्या रोज येतात आणि रोज कांद्याची फोकाच्चा मागून साधी घेऊन जातात. "कुठल्या स्टेशनवर?"

"तेच तर कळत नाही."

"माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षं सांगितलं, बाबा रे, ब्रिन्योलेला उतर, घर जवळ पडेल. नाही! प्रिंचिपेलाच उतरायचा. तो गेल्यावर कळलं, तिथल्या कॉफीवालीसाठी उतरत होता. साधीच दे. आणि कडेचा तुकडा नको."

कुरकुर करणं हा जेनोव्हाच्या माणसाचा हक्क समजला जातो. तेक्लाला आज त्यालाही सवड नव्हती.

प्रॉस्पेरोंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. डावा डोळा केव्हाच निकामी झाला आहे. या तारखेसाठी त्यांनी जवळजवळ वर्षभर वाट पाहिली. ती चुकली तर ते पुन्हा रांगेच्या शेवटी जातील, आणि हिवाळ्यात, डोंगरात ते एकटे राहतात त्या घराच्या पायऱ्या त्यांना दिसणार नाहीत. म्हणजे घर सोडावं लागेल, आणि घर सोडायचं तर कुणाकडे जायचं, हा प्रश्न येईल. तो प्रश्न ऑपरेशन झालं तरी होताच. डोळ्यात थेंब घालायला आठवडाभर कुणीतरी हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठवड्याचा हिवाळा होतो आणि हिवाळ्याचं उरलेलं आयुष्य होतं, हे दोन्ही मुलांना ठाऊक होतं. दोघांनाही वडील हवे होते. शेजारच्या बायका तेक्लाला म्हणत, नशीबवान आहात, आमच्याकडे भांडण उलटं असतं.

इलारिओचं घर ब्रिन्योलेमागे. तो म्हणे, रुग्णालयाची बस माझ्या स्टेशनासमोरून सुटते, बाबांनी इथं उतरायचं, यात बोलायचं काय? जेरोलामो म्हणे, बाबा तीस वर्षं गोदीत होते, तीस वर्षं प्रिंचिपेलाच उतरले, त्यांचे पाय डोळे मिटूनही तिथंच वळतील. शिवाय माझ्याकडे मोटार आहे, त्याच्याकडे काय आहे, बसचं तिकीट? वडील दोघांनाही फोनवर "हो, बरं" म्हणाले होते. दोघांनीही ते आपल्या बाजूनं घेतलं.

तेक्लानं त्यांना सरळ विचारलं होतं, "बाबा, उतरणार कुठं?"

"गाडी थांबेल तिथं," असं त्यांचं उत्तर.

भांडण खरं स्टेशनाचं नव्हतंच. आई गेली तेव्हा जेरोलामोनं तिला स्तालिएनोच्या शहरी दफनभूमीत ठेवलं, दर रविवारी जाता येईल म्हणून. इलारिओला ती डोंगरात हवी होती, चर्चमागे, तिच्या माणसांत. जेरोलामोनं आधी सही करून टाकली. वडील तेव्हाही "हो, बरं" एवढंच म्हणाले होते.

साडेदहाच्या सुमाराला इलारिओचा पुन्हा फोन. बाबांना कदाचित गाडीत झोप लागली असेल आणि ते पुढे उतरले असतील, म्हणून तो मागच्या गाडीनं प्रिंचिपेला पोचला होता.

"वहिनी, इथं कुणी नाही. त्याची मोटार मात्र आहे. पोलिसाचा कागद लागलाय काचेवर. देवाघरी न्याय आहे."

"इलारिओ, मस्करी पुरे. बाबांना फोन लावलास?"

"बंद. बॅटरी वाचवतायत. मेल्यावर लागेल म्हणून."

जेरोलामो त्या वेळी बायकोच्या बेकरीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, प्रिंचिपेनंतरच्या साम्पियेरदारेनाच्या फलाटावर, परतीच्या गाडीची वाट पाहत होता. परतीची गाडी उशिरानं होती. किती उशिरानं, ते दर दहा मिनिटांनी बदलत होतं.

"सगळे डबे पाहिले," तो तेक्लाला म्हणाला. "एक तिकीट तपासनीस भेटला. म्हणतो, हिरव्या टोपीचा म्हातारा होता, नेर्व्हीपर्यंत माझ्याशी बोलत होता. मग कुठं गेला? नेर्व्ही ते ब्रिन्योलेमध्ये समुद्रात उडी घेतली?"

"मध्ये स्टेशनं आहेत."

"तिथं उतरून करणार काय?"

अकराला पाच कमी असताना बेकरीतला फोन वाजला.

"सिन्योरा तेक्ला? नेत्रविभागातून बोलतेय. तुमचे सासरे इथं बसलेत."

तेक्लानं सुरी खाली ठेवली. "तिथं आले कसे?"

"ब्रिन्योलेच्या अलीकडे, स्तुर्लाला उतरले म्हणतात. तिथून चढावर चालत आले. घामानं चिंब झालेत, पण ठीक आहेत. एवढा एकच नंबर त्यांना पाठ आहे."

"त्यांना द्या जरा."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"बाबा, स्तुर्ला?"

"जवळ पडतं."

"दोघं दोन स्टेशनांवर उभे होते हो!"

"ठाऊक आहे. म्हणून तर. एकाकडे उतरलो असतो तर दुसऱ्याकडे कुठल्या डोळ्यानं बघितलं असतं? आधीच एक उरलाय."

"मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर त्या दोघांना कळलं असतं. तू त्यांचं टपाल आहेस, पोरी. टपालाला गुपित सांगत नाहीत."

मग परिचारिका पुन्हा फोनवर आली. ऑपरेशननंतर त्यांना एकट्यानं सोडता येणार नाही. सोबतीचं माणूस आल्याशिवाय आत घेता येत नाही, आणि सोबत एकालाच मुभा आहे. साडेअकरापर्यंत थांबू, मग पुढच्या रुग्णाला घ्यावं लागेल.

"त्यांना विचारलं, सोबत कोण येणार," ती म्हणाली. "म्हणतात, मुलगा. कोणता? तर म्हणतात, जो आधी पोचेल तो. नाव काही सांगत नाहीत."

"आणि आज नाही झालं तर?"

"पुढची तारीख पुढच्या वर्षाची निघेल, सिन्योरा."

तेक्लानं फोन ठेवला. मालक पीठ आणायला गेला होता; दुकानात ती एकटीच होती आणि समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. ती स्वतः निघाली तरी बसनं बाराच्या आत पोचत नव्हती. प्रिंचिपेसमोर टॅक्सी मिळते, म्हणजे इलारिओ वेळेत पोचू शकत होता. साम्पियेरदारेनाच्या स्टेशनाबाहेर टॅक्सी शोधावी लागते, पण तिथं होता तो तिचा नवरा. ती आधी ज्याला फोन करील तो आत जाणार होता. आत जाणाऱ्याच्या घरी प्रॉस्पेरो राहायला जाणार होते. आणि आधी फोन कुणाला केला, हे दुसरा मरेपर्यंत विसरणार नव्हता.

"हो, बरं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि स्वतःचाच तिला राग आला.

"कांद्याची अर्धा किलो," पुढचं गिऱ्हाईक म्हणालं.

"थांबा."

तिनं इलारिओचा नंबर लावला. एंगेज.

मन घट्ट करून लावलेला नंबर एंगेज लागला की माणसाला जी चीड येते ती तिला आली. तिनं जेरोलामोचा लावला. तोही एंगेज.

पुन्हा इलारिओ. एंगेज. पुन्हा जेरोलामो. एंगेज.

दोघं एकमेकांशी बोलत होते, असं यावरून म्हणता येत नाही. दोघं एकाच वेळी वडिलांच्या बंद फोनवर लावत असतील. किंवा एकाच वेळी एकमेकांना लावत असतील आणि दोघांनाही एंगेज ऐकू येत असेल. तेक्लानं दोघांनाही तोच निरोप लिहून पाठवला: "बाबा डोळ्यांच्या विभागात आहेत. एकालाच आत घेतात. साडेअकरापर्यंत." नाव कुणाचं घातलं नाही. निरोप एकाच क्षणी गेले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रुग्णालयातून पुन्हा फोन आला. सोबतीला अजून कुणी आलेलं नव्हतं. प्रॉस्पेरोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते दाराकडे तोंड करून बसले होते. तेक्लाचा निरोप दोन्ही फोनवर पोचला होता. उघडला कुणीच नव्हता. वीस मिनिटं झाली तरी दोन्ही नंबर अजून एंगेज होते.