तांबोशीचं ताट

माझ्या नातवंडांनी माझ्या हातचा मासा कधी खाल्लाच नव्हता. शपथ घेऊन सांगते. भूमिका अकरा वर्षांची, संदेश सात वर्षांचा, दोघं माझ्याच शेखरची पोरं. आणि आजीनं तवा ठेवला की दोघं नाक दाबून अंगणात पळायची. "शी! धरणाचा!"

धरण म्हणजे आमचं भातसाचं. आमचं घर भातसानगरच्या अलीकडं, भाताच्या खाचरांना लागून. आमचा म्हातारा, वाल्मिक, धरणावर कामाला होता. गेटांना ग्रीस लावायचं, गवत काढायचं, साहेब आला की ताठ उभं राहायचं. फावल्या वेळात जाळं टाकायचा, आणि रिटायर झाल्यापासून तर दुसरं कामच नाय. जाळ्यात यायची चिलापी. काटेरी मासा, गरिबाचा मासा, पण ताजा असला तर असा गोड लागतो की सांगायची सोय नाय. म्हातारा पकडायचा, गावभर फुशारकी मारायचा आणि जेवून झोपायचा. तीस वर्षं खवले काढतेय ती मी.

महिन्यातनं एकदा म्हातारा बर्फात घालून चिलापी कल्याणला शेखरच्या फ्लॅटवर पोचवायचा. सून माधुरी गोड हसून पिशवी घ्यायची. "बाबा, कशाला एवढा त्रास?" गेल्या दिवाळीच्या आधी मी पण सोबत गेली होती. निघताना म्हातारा रिक्षा बघायला पुढं गेला आणि खाली वॉचमन मला बोलला, "आजी, तुमची मच्छी एक नंबर असते हां." मी बोलली, "तुला रे काय ठाऊक?" तर हात जोडून म्हणतो, "मॅडम दर महिन्याला मलाच देतात ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हाताऱ्याला मी एक अक्षर सांगितलं नाय. तो बिचारा रिक्षात बसून बोलत होता, "पोरांना आवडतो गो आपला मासा. बघ, पिशवी कशी पटकन आत नेली."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. काय वाटेल ते होवो, या पोरांनी एकदा तरी माझ्या हातचा घास खाल्ला पायजे.

जानेवारीत माधुरीचा फोन आला. "आई, समुद्रकिनारी सीफूड फेस्टिव्हल आहे. बोटीनं जायचं. तुम्ही दोघंही चला. मुलांना एकदा खरा मासा खायला घालू."

खरा मासा! म्हणजे इतके दिवस आमी प्लास्टिकचा तळत होतो.

पहाटे इको गाडी करून निघालो आणि भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसलो. म्हाताऱ्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता, डोक्यावर धरणाच्या खात्याची जुनी टोपी. घरापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. "बोटीचं मला सांगू नको शेखर. साहेबांना घेऊन अख्खं धरण फिरलोय मी." लाँचवाल्याला पण सांगून आला, वारा कुठला हाय, बोट कशी घ्यायची. तो तंबाखू मळत "हो काका, हो काका" करत राहिला. भला माणूस. मी असती तर पाण्यात ढकललं असतं.

माधुरीनं पोरांना बांधून टाकलं होतं. लाइफ जॅकेट, टोपी, तोंडाला क्रीम, हाताला सॅनिटायझर. समोर एवढा थोरला दर्या पसरलाय आणि ही बाई बाकडं पुसतेय. शेखर मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होता. स्वतःच्या डोळ्यांनी त्यानं समुद्र बघितला का नाय, मला शंका हाय. लोकं पाखरांना वेफर्स भरवत होती, पाखरं वेफर्स खाऊन आमच्याच डोक्यावर घाण करत होती.

अर्ध्यात बोट हलायला लागली. धरणातलं पाणी गरीब, जागचं हलत नाय. हे पाणी मस्तवाल. म्हातारा आधी गप्प झाला, मग पिवळा झाला आणि मग खात्याची टोपी काढून तिच्यातच ओकला. संदेश टाळ्या पिटून हसला. "आबा, तुम्ही तर कॅप्टन ना?" मला हसू पण आलं आणि पोराच्या एक ठेवून द्यावी असंही वाटलं. मी पदरानं म्हाताऱ्याचं तोंड पुसलं. तो पुटपुटला, "डिझेलचा वास गो. डिझेलचा."

फेस्टिव्हल म्हणजे निव्वळ तमाशा. मंडप, डीजे, दारात प्लास्टिकचा भलामोठा झिंगा आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला लाइन. स्टेजवर नऊवारी नेसून पोरी कोळीनाच करत होत्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, "कुठल्या गावची गो तू?" बोलली, "पुणे, काकू. इव्हेंटवाल्यांनी आणलंय." प्रमुख पाहुणा आल्याशिवाय कुणाला ताट द्यायचं नाय असा हुकूम होता. पाहुणा दोन तास आला नाय. आला, फीत कापली, एक झिंगा तोंडात घालून फोटो काढला आणि पाठ वळवून हळूच थुंकला. शाकाहारी होता म्हणे.

मग आमी एका मोठ्या स्टॉलवर बसलो. वर फलक, 'अस्सल तांबोशी थाळी'. माधुरी पोरांना शिकवत होती, "तांबोशी म्हणजे रेड स्नॅपर. खोल समुद्रात मिळतो. फुल ऑफ ओमेगा." ताटं आली. लालभडक मसाल्यात घोळवलेला अख्खा मासा, बाजूला लिंबू, कांदा, कोथिंबीर. म्हातारा मघाशी पोटातलं सगळं समुद्राला देऊन आला होता, त्यानं पयला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! ह्याला म्हणतात दर्याचा मासा. आपल्या धरणाच्या माशाला ही चव येणार हाय का!"

मी माझ्या ताटात हात घातला आणि पाठीवरचा काटा अंगठ्यात घुसला. हा काटा मी ओळखते. तीस वर्षं ह्याच बोटात, ह्याच जागी घुसतोय. मी नखानं मसाला खरवडला. माशाच्या अंगावर एक रेघ असते. बाकीच्या माशांची डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ जाते. चिलापीची मधेच तुटते आणि थोडी खाली उतरून परत चालू होते. ह्याची तुटली होती.

चिलापी! अगं बाई, चिलापी! मुलुख ओलांडून, ओकत-बोकत, बोटीनं आमी आलो आणि ताटात काय, तर आमच्याच परसातला मासा लाली लावून बसलेला! आणि माझा येडा म्हातारा, ज्यानं हजारो चिलाप्या जाळ्यातनं सोडवल्या, तो बोटं चाटत बोलतोय, आपल्या माशाला ही चव नाय!

मी उठली ती थेट स्टॉलच्या मागं. तिथं चाळिशीची एक बाई परातीत मासे मुरवत होती. मी बोलली, "बाय, ही तांबोशी कंच्या समुद्रातली गो? मी भातसानगरची हाय. मला शिकवू नको."

तिचा चेहरा पडला. हात पुसून जवळ आली. "मावशी, ओरडू नको. खाडीत मासा ऱ्हायलाय कुठं? आमची होडी दोन महिने रेतीत पडलीय. आयोजकांना दोनशे ताटं पायजेत, फलक पण त्यांनीच लावलाय. धरणावरनं टेम्पो येतो, मी मसाला लावते." मग मान खाली घालून म्हणाली, "मसाला तरी अस्सल हाय. माझ्या सासूचा."

मला तिची कीव पण आली आणि रागही आला. पण तिच्यापेक्षा मोठी मासोळी माझ्या हाताला लागली होती. आता टेबलाशी जायचं, माधुरीच्या तोंडासमोर काटा नाचवायचा आणि वॉचमनपासून सगळा हिशेब चुकता करायचा. चालता चालता मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

टेबलाशी आली तर संदेश माझं ताट ओढून खात होता. तोंडाला मसाला, कोपरापर्यंत ओघळ. भूमिका काटा चोखत होती. ही पोरं मासा खात होती. धरणाचा! मी बोलली असती तर तोंडातला घास बाहेर आला असता, कायमचा.

"आजी, तुला येतो असा करायला?" संदेशनं विचारलं.

आयुष्यात पयल्यांदा मी तोंडाशी आलेली गोष्ट गिळली. बोलली, "येतो की. समुद्राचा मासा मिळाला की करीन." मग परत मागं गेली आणि त्या बाईकडनं तिच्या सासूचा मसाला पुडीत बांधून घेतला.

मे महिन्यात पोरं आठ दिवसांसाठी आली, सोबत माधुरी आणि शेखर. आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं आणलेल्या सहा चिलाप्या मी शेजारच्या धाकलूच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. म्हाताऱ्याला सांगितलं, गावात वाटून टाकल्या. सकाळी तो जाळं घेऊन धरणावर गेला तसं मी तवा ठेवला. माधुरी डोकावली. "आई, कुठला आहे?"

"तांबोशी. धाकलूनं आणलीय, समुद्रावरनं."

खोटं बोलताना जीभ जरा पण अडखळली नाय. पोरं चुलीपाशी ताटं घेऊन बसली. संदेशनं तीन खाल्ले, भूमिकानं दोन. माधुरीनं चाखून बघितला आणि बोलली, "बघा, जमलं तुम्हाला. शेवटी समुद्राचा तो समुद्राचाच." मला वाटलं, जिंकली मी. इतकं गोड वाटलं की दोन वेळा चुलीत फुंकर घालायच्या निमित्तानं डोळे पुसले.

तेवढ्यात म्हातारा आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात सुतळीत ओवलेले तीन मासे, अजून फडफडणारे. एकेक दीड वीत. नातवंडांसाठी सकाळपासून पाण्यात उभा होता. दारातनंच ओरडला, "पोरांनो, बघा तुमच्या आबानं काय धरलं!"

संदेशनं नाक दाबलं. "शी, धरणाचा! आबा, आम्हाला नको तो. आजीचा समुद्राचाच मस्त आहे."

माधुरी बोलली, "बाबा, गावात कुणाला तरी देऊन टाका."

म्हातारा तिथंच उभा राहिला. सुतळी धरलेला हात हळूहळू खाली आला. त्यानं संदेशच्या ताटाकडं बघितलं, मग तव्याकडं. तव्याशेजारी शेवटचा मासा ठेवलेला होता, अजून मसाल्यात न घोळवलेला, डोळ्यांसकट. कालचा. त्याचाच.

आता हा बोलणार, सगळं उघडं पडणार, आणि पोरं परत कधी माझ्या ताटाला हात लावायची नायत. एक मन म्हणत होतं, तूच सांगून टाक सकू, माणसाची लाज राख. दुसऱ्या मनाला संदेशचं चाटूनपुसून लख्ख केलेलं ताट दिसत होतं. मी नाय बोलली. लाज वाटते सांगायला, पण नाय बोलली.

म्हातारा मागच्या दारानं आत आला. पोरांकडं पाठ करून ते तीन मासे माझ्या विळीपाशी ठेवले.

"घे," हळूच म्हणाला, "उद्याचा समुद्र."

आणि पाय धुवायला गेला. मी विळी ओढली आणि खवले काढायला बसली.