डिंकाखाली गेलेला शेवट

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. पातळ कव्हर, पिवळट कागद आणि कव्हरवर भलंमोठं पिस्तूल. आतले तिन्ही खून विषाने होतात. पण चित्रकाराने मला वाचलं नव्हतं. असो, त्याला निदान घाई होती.

एका निवृत्त पोस्टमनकाकांनी मला शाळेच्या ग्रंथालयाला दिलं. नववीत माझ्यासाठी मारामाऱ्या होऊ लागल्या. मागच्या बाकावर एक मुलगी होती. धडा मोठ्याने वाच म्हटलं की तिला घाम फुटायचा. तिने मला भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलं. मग मधल्या सुट्टीत मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवलं. आणि एके दिवशी चक्क वर्गात हात वर करून प्रश्न विचारला. झालं! मुलगी प्रश्न विचारते, म्हणजे बिघडलीच.

खापर माझ्यावर फुटलं. मुख्याध्यापकांनी मला उभ्याउभ्या चाळलं. शेवटच्या प्रकरणात एक मिठी सापडली.

"बाई, ही पानं चिकटवून टाका."

"अहो सर, खुनी तिथंच पकडला जातो," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"त्याला जाऊ द्या हो! मिठी दिसता कामा नये."

खून शाबूत राहिले, शिक्षा तेवढी डिंकाखाली गेली. मित्रांनो, गुन्हा करून खुशाल सुटता येतं, हे मुलांना मी शिकवलं नाही. सरांच्या डिंकाने शिकवलं!

त्या मुलीला शेवट हवाच होता. ओल्या रुमालाने पानं सोडवताना ती पकडली गेली. वडिलांना बोलावणं धाडलं.

"सर, तुम्ही वाचलंय हे?" तिने विचारलं.

"असला कचरा मी वाचत नाही."

"मग कचरा आहे हे कळलं कसं?"

वडिलांनी सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. तिचं ग्रंथालयाचं कार्ड सरांच्या टेबलावर आपटलं. "आजपासून फक्त गाईड वाचायचं. समजलं?"

तिला समजलं. आता ती वर्गात तोंड उघडत नाही. पोरगी सुधारली म्हणून शिक्षकांच्या खोलीत कौतुक चाललंय. कौतुक! माझ्या पानापानाची लाहीलाही होते.

मला कुलपात टाकलंय. इथं वाळवी लागली आहे. माझी कीव करू नका मित्रांनो, तिचं कार्ड तेवढं परत मागा. आणि कुणी पुस्तकाच्या नावाने बोटं मोडू लागलं, तर आधी विचारा, वाचलंय का? वाळवीसुद्धा शेवटच्या पानापर्यंत जाते.